गाडी कुठवर आली?

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात मोडनिंब हे बाजाराचे गाव आहे. पुणे-सोलापूर महामार्ग गावाजवळून जातो आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरचे एक स्थानकही येथे आहे. येथील एका शाळेत काही दिवसांपूर्वी आम्हाला जाण्याचा योग आला. प्रयोगशाळा पाहून झाल्यावर विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी एक लोखंडी कपाट उघडले. खालच्या कप्प्यात तीन लॅपटॉप एकावर एक रचून ठेवलेले होते आणि त्यांच्यावर धुळीचा चांगला थर बसला होता.

"हे तिन्ही गेले," सर म्हणाले. "बटण दाबलं की दिवा लागतो, पण पडद्यावर काही येत नाही. एकानं पाहून सांगितलं, मदरबोर्ड गेलाय; दुरुस्तीला लागतील तेवढ्या पैशात नवा घ्या. तेवढे पैसे कुठले? म्हणून ठेवले कपाटात."

आम्ही विचारले, "बटण दाबल्यावर यंत्र कुठवर येतं?"

"कुठवर म्हणजे? चालू होत नाही म्हणजे नाहीच होत की हो."

सरांचे उत्तर अगदी स्वाभाविक होते. आपल्या दृष्टीने 'चालू होणे' ही एकच घटना असते. दिवा लागतो किंवा लागत नाही, तसेच. संगणकाच्या बाबतीत मात्र तो एक प्रवास असतो आणि वाटेत अनेक स्थानके असतात. पंढरपूरच्या फलाटावर गाडीची वाट पाहणारा माणूस 'गाडी बिघडली' असे लगेच म्हणत नाही. तो विचारतो, 'कुर्डुवाडी सोडली का? मोडनिंबला येऊन गेली का?' गाडी मोडनिंबहून सुटली आणि पुढच्या स्थानकाला पोहोचली नाही, एवढे कळले की शोध त्या दोन स्थानकांमधल्या काही किलोमीटरपुरता उरतो. बंद पडलेल्या संगणकाला विचारायचा प्रश्नही हाच आहे. मात्र तो विचारता येण्यासाठी वाटेतली स्थानके माहीत हवीत. ती एका दिवसात किंवा एका माणसाने बांधलेली नाहीत. त्यांना पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली काही पाने आपल्या महाराष्ट्रातली आहेत.

स्वतःला उठवण्याचे कोडे

संगणक स्वतः काहीच करत नाही. स्मृतीत ठेवलेल्या आज्ञा एकामागून एक पाळणे एवढेच त्याचे काम. या आज्ञा स्मृतीत कोण आणून ठेवतो? तेही आज्ञांनीच करायचे. मग त्या आज्ञा कोणी आणल्या? अंडे आधी की कोंबडी आधी, अशातलाच हा प्रकार आहे.

इंग्रजीत एक जुना वाक्प्रचार आहे. बुटाच्या मागच्या बाजूला पायात चढवताना धरण्यासाठी एक बंद असतो. तो धरून स्वतःच स्वतःला वर उचलणे, म्हणजे अशक्य ते करणे. या बंदाला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. संगणकाने स्वतःच्या आज्ञा स्वतःच स्मृतीत आणण्याच्या क्रियेला हेच नाव मिळाले आणि पुढे ते 'बूट होणे' एवढे आखूड झाले. आपण रोज वापरतो त्या शब्दात असे एक कोडे लपलेले आहे.

अमेरिकेतील 'एनिअ‍ॅक' हे यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये लोकांसमोर आले, तेव्हा हे कोडे त्याला पडलेच नव्हते. कारण त्याचा कार्यक्रम स्मृतीत नसून तारांच्या जोडणीत असे. नवे गणित द्यायचे म्हणजे शेकडो तारा आणि स्विच हाताने बदलायचे, आणि त्यात कित्येक दिवस जायचे. त्या यंत्राची चिंता वेगळीच होती. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या. जुन्या रेडिओत लालसर उजळणाऱ्या काचेच्या नळ्या असत, त्याच या. त्या जळत असत. त्यातही बरेचसे बिघाड यंत्र चालू किंवा बंद करताना होतात, असे तंत्रज्ञांच्या लक्षात आले. नलिकेतील तार तापताना आणि निवताना प्रसरण-आकुंचन पावते आणि त्या ताणाने ती तुटते. म्हणून शक्यतो यंत्र बंदच करायचे नाही, असा उपाय त्यांनी शोधला. घरातला जुन्या पद्धतीचा दिवा बहुधा बटण दाबतानाच का जातो, याचे कारणही असेच आहे.

कोडे खऱ्या अर्थाने सुटले ते इंग्लंडमध्ये, केंब्रिजला. तेथील 'एडसॅक' या यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला कार्यक्रम चालवला. त्याच्या आज्ञा स्मृतीत ठेवल्या जात. मग पहिल्या आज्ञा आणायच्या कशा? डेव्हिड व्हीलर या तरुणाने अवघ्या ३१ आज्ञांचा एक छोटा संच लिहिला. त्याचे काम एकच, भोके पाडलेली कागदी फीत वाचायची आणि तीवरच्या आज्ञा स्मृतीत ठेवायच्या. हा संच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तशा फिरत्या स्विचांवर तारांनी कायमचा जोडून टाकला होता. बटण दाबले की या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत आणि बाकीचे त्या पाहून घेत. यंत्राला मुळाक्षरांपुरते जन्मजात शहाणपण द्यायचे आणि पुढचे त्यालाच वाचायला लावायचे, ही युक्ती आजच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्ये आहे.

अमेरिकेत १९५२ मध्ये आलेल्या 'आयबीएम ७०१' या यंत्रावर 'लोड' नावाचे बटणच होते. ते दाबले की कार्डावरचा, फितीवरचा किंवा चुंबकीय पिंपावरचा पहिला शब्द स्मृतीत येई. त्या शब्दाचा अर्धा भाग आज्ञा म्हणून पाळला जाई. ती आज्ञा बहुधा 'आणखी वाच' अशी असे. लहान आज्ञेने मोठीला बोलवायचे आणि मोठीने आणखी मोठीला, अशी ही साखळी होती.

कुलाब्यातील यंत्र

भारतात पूर्ण आकाराचा संगणक प्रथम बांधला गेला तो मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटाने १९५६ मध्ये आधी एक लहान प्रायोगिक यंत्र चालवून पाहिले. पूर्ण यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागले. संस्थेच्या कुलाब्यातील इमारतींचे उद्घाटन १९६२ मध्ये झाले, त्या वेळी पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले.

टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती आणि तिच्यात प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे. ४० गुणिले २,०४८ म्हणजे ८१,९२० बिट. आठ बिटांचा एक बाइट धरला तर १०,२४० बाइट, म्हणजे बरोबर १० किलोबाइट. आज मोबाइलने काढलेले एक साधे छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा घेते.

दुसरे गणित याहून महत्त्वाचे आहे. समजा, एक नलिका सरासरी दहा हजार तास टिकते. तास फार वाटतात. चोवीस तास वापरली तरी ती वर्षाहून अधिक चालेल. पण अशा २,७०० नलिका एकत्र असतील तर १०,००० भागिले २,७०० म्हणजे सरासरी दर पावणेचार तासांनी त्यांतली एक जाणार. प्रत्येक भाग चांगला असूनही संपूर्ण यंत्र भरवशाचे नसते, हा धडा त्या पिढीने अनुभवातून घेतला. त्यामुळे बिघाड शोधणे हे तेव्हा यंत्र चालवण्याचाच एक भाग होते. यंत्राच्या मंचावर दिवे आणि स्विच असत. एकेक आज्ञा हाताने पुढे सरकवून यंत्र कोठे अडखळते ते पाहता येई.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'व्हर्लविंड' यंत्रासाठी जे फॉरेस्टर यांच्या गटाने याहून पुढची युक्ती काढली. रोज यंत्राचा विद्युतदाब मुद्दाम थोडा बदलायचा आणि चाचणीची गणिते सोडवायला लावायची. थकलेल्या नलिका या ताणाखाली चुकत आणि ओळखू येत. मग त्या जळण्यापूर्वीच बदलता येत. बिघाडाची वाट न पाहता त्याला आमंत्रण देऊन पकडायचे, असा हा विचार होता. बैल बाजारातून घेताना त्याला थोडा चढ चढवून पाहतात, त्यातलाच हा प्रकार.

एक टुक् आवाज

अर्धवाहकांचे युग आले, नलिका गेल्या, यंत्रे लहान झाली. तरीही कोडे कायम होते. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील एका मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हा घरी जुळवायचा संगणक झळकला. त्याला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता. पुढच्या बाजूला स्विचांची रांग होती. स्विच वर म्हणजे एक आणि खाली म्हणजे शून्य. सुरुवातीच्या आज्ञा या स्विचांनी एकेक करून भरायच्या. एक स्विच चुकला की पुन्हा पहिल्यापासून. वीज गेली की सारे पुसले जायचे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा 'पीसी' आला आणि आजच्या लॅपटॉपची स्थानके त्याच्याबरोबर निश्चित झाली. आरंभीच्या आज्ञा वीज गेली तरी न पुसणाऱ्या एका चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या होत्या. त्या संचाला 'बायोस' म्हणतात. वीज मिळताच प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन पाहतो. पीसीमधील ८०८८ प्रोसेसरला दहा लाखांहून थोडे अधिक पत्ते माहीत होते आणि त्यांतल्या शेवटच्या पत्त्याच्या सोळा घरे आत ही पहिली आज्ञा असे. सकाळी जाग आल्यावर आपला हात न बघता उशाशी ठेवलेल्या चष्म्याकडे जातो, तसाच हा प्रकार.

उठल्यावर बायोस आधी अंग चाचपून पाहतो. प्रोसेसर ठीक आहे का? स्वतःच्याच आज्ञा शाबूत आहेत का? यासाठी तो स्वतःतील सर्व संख्यांची बेरीज करून ताळा पाहतो. शाळेत आपण गुणाकाराचा ताळा पाहतो, तसाच. मग स्मृती तपासायची. तिच्यात काही लिहायचे, परत वाचायचे आणि जुळते का ते बघायचे. मग पडदा, मग कळफलक. या साऱ्याला 'पोस्ट' असे नाव आहे. त्याचा अर्थ वीज मिळाल्यावरची स्वतःची चाचणी.

येथे एक अडचण होती. पडदा चालू होण्यापूर्वीच बिघाड आढळला तर यंत्राने सांगायचे कसे? त्यासाठी त्याला एक साधा आवाज दिलेला होता. एक आखूड 'टुक्' म्हणजे सारे ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याला चित्र पुरवणाऱ्या कार्डात बिघाड. म्हणजे पडदा काळा असतानाही यंत्र बोलत असे. पुढे १९८४ च्या 'पीसी एटी'पासून यंत्र प्रत्येक चाचणी सुरू करताना तिचा क्रमांक एका ठरलेल्या दारावर ठेवू लागले. तो क्रमांक दोन अंकांत दाखवणारे छोटे कार्ड दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती आले. यंत्र अडले की कार्डावरचा अंक थांबे. गाडी कोणत्या स्थानकावर अडली ते त्या अंकावरून कळे.

चाचणी आटोपली की बायोस शेवटचे काम करतो. चकतीच्या अगदी पहिल्या भागातील ५१२ बाइट तो स्मृतीत आणतो. त्यातील शेवटचे दोन बाइट ठरलेले असतात. द्विमान पद्धतीत ते ०१०१०१०१ आणि १०१०१०१० असे लिहिता येतात. एक-शून्य एकाआड एक असा हा शिक्का दिसला की बायोस सारी सूत्रे त्या ५१२ बाइटांच्या हाती देतो आणि बाजूला होतो. ते काय करणार आहेत, हे तो विचारत नाही.

दोन भाऊ आणि आणखी दोन भाऊ

न विचारता सूत्रे देण्याची ही रीत लवकरच अंगाशी आली. १९८६ मध्ये लाहोरमधील दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला. पीसीवरचा हा पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीच्या पहिल्या ५१२ बाइटांची जागा बळकावे आणि मूळचा मजकूर दुसरीकडे हलवून ती जागा खराब असल्याची खूण करून ठेवी. फ्लॉपी आत विसरून संगणक चालू केला की बायोस विश्वासाने सूत्रे विषाणूच्याच हाती देई.

जून १९९० मध्ये भारतात सापडलेल्या अशाच एका विषाणूचे नाव आपल्याला ओळखीचे वाटेल. तो 'जोशी'. वर्षभर तो गप्प बसे. ५ जानेवारीला मात्र यंत्र अडवून ठेवी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकित करायला सांगे. शुभेच्छा दिल्या की यंत्र सोडून देई! गंमत वाटते, पण त्यातली खोच गंभीर होती. तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी जोशी स्मृतीत टिकून राही. वीज पूर्ण तोडणे हाच उपाय होता, कारण वीज नसताना रॅम काहीच धरून ठेवत नाही. 'एकदा बंद करून परत चालू करा' या सल्ल्यामागे असे शास्त्र आहे. १९९१ मध्ये सापडलेला 'मायकेलअँजेलो' मात्र गमतीचा नव्हता. ६ मार्चला तो चकतीचा आरंभीचा भागच पुसून टाकी. मग दुसऱ्या दिवशी यंत्र उठतच नसे.

याच काळात पुण्यात कैलास काटकर हे दुरुस्तीचे काम करत होते. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे हे कुटुंब. दहावीनंतर पुढे न शिकता कैलास यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकून घेतले आणि पुढे स्वतःचा व्यवसाय थाटला. मग संगणकही दुरुस्तीला येऊ लागले. त्यांतल्या अनेक यंत्रांचा एकही भाग बिघडलेला नसे. त्यांना विषाणू लागलेला असे. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. मोठ्या भावाच्या टेबलावर येणाऱ्या यंत्रांसाठी त्यांनी मायकेलअँजेलोसारखे विषाणू काढून टाकणारे छोटे कार्यक्रम लिहिले. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास त्यातून 'क्विक हील' तयार झाले. २००७ मध्ये त्यांच्या कंपनीनेच हे नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले.

या कथेतील यशापेक्षा तिची सुरुवात आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. दुरुस्ती करणाऱ्याने 'यंत्र बिघडले' एवढ्यावर थांबायचे नाकारले. नेमके काय बिघडले, भाग की आज्ञा, हा प्रश्न त्याने विचारला. संशोधन दरवेळी प्रयोगशाळेतच सुरू होते असे नाही. ते दुरुस्तीच्या टेबलावरही सुरू होते.

यानंतर आणखी एक धक्का बसला. बायोसच्या आज्ञा सुधारता याव्यात म्हणून त्या पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपमध्ये ठेवल्या जाऊ लागल्या होत्या. २६ एप्रिल १९९९ रोजी 'सीआयएच' या विषाणूने अनेक यंत्रांत ही चिपच पुसली. तैवानमधील एका विद्यार्थ्याने तो १९९८ मध्ये लिहिला होता. दक्षिण कोरियासह आशियातील अनेक देशांना त्याचा फटका बसला. वीज येई, पंखा फिरे, पण पडदा काळाच राही आणि आवाजही नसे. मुळाक्षरेच विसरलेले यंत्र बोलणार तरी काय? चिप बदलणे किंवा बाहेरून पुन्हा लिहिणे एवढाच मार्ग उरला. पुढे २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन 'यूईएफआय' या नव्या पद्धतीची सूत्रे हाती घेतली. तिने हळूहळू जुन्या बायोसची जागा घेतली. सूत्रे देण्यापूर्वी पुढच्या आज्ञांची सही तपासण्याची सोयही तिच्यात पुढे आली. 'न विचारता विश्वास' ही रीत सुमारे तीस वर्षांनी बदलली.

कपाटातील तीन लॅपटॉप

आता मोडनिंबच्या कपाटाकडे परत येऊ. सरांनी नववीच्या काही मुला-मुलींना बोलावले. फळ्यावर आम्ही स्थानके लिहिली: वीज, बटणाकडे लक्ष ठेवणारी छोटी चिप, प्रोसेसर आणि त्याच्या पहिल्या आज्ञा, स्मृती, पडदा, चकती. प्रत्येक स्थानकापुढे 'येथवर आल्याची खूण काय?' असा प्रश्न लिहिला.

चार्जर लावल्यावर दिवा लागला तर वीज आत येते आहे. बटण दाबल्यावर पंखा फिरला तर छोटी चिप जागी आहे. थोड्या वेळाने कळफलकावरील 'कॅप्स लॉक' कळ दाबून पाहायची. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र बरेच पुढे आले आहे आणि दोष बहुधा पडद्याच्या बाजूला आहे. पंखा फिरतो पण तो दिवा दाद देत नसेल, तर गाडी आधीच्या स्थानकांत अडली आहे.

पहिला लॅपटॉप लावला. पंखा फिरला, पडदा काळा. सगळे गप्प झाले. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, तो दिवा सारखा लुकलुकतोय. तीनदा लागतोय, मग थांबतोय." हाच तो जुना 'टुक्' आवाज होता. आता अनेक लॅपटॉप आवाजाऐवजी दिव्याने बोलतात. प्रत्येक कंपनीची भाषा निराळी असते आणि ती तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. सरांनी मोबाइलवर पुस्तिका शोधली. तीन लुकलुकी म्हणजे स्मृती. चार्जर काढला, बॅटरी बाहेर काढली आणि साठलेली वीज निघून जावी म्हणून बटण अर्धा मिनिट दाबून धरले. मग मागचे झाकण उघडून रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी कडेवर काळसर थर आला होता. खोडरबराने तो हलकेच पुसला, कण झटकले आणि पट्टी नीट बसवली. पुन्हा बटण दाबल्यावर काही सेकंदांत पडदा उजळला. वर्गात एकच गलका झाला.

दुसऱ्या लॅपटॉपचा 'कॅप्स लॉक'चा दिवा दाद देत होता. खिडक्या लावून अंधार केला आणि बॅटरीचा प्रकाश पडद्यावर तिरपा टाकला, तेव्हा अगदी पुसट चित्र दिसले. म्हणजे यंत्र शेवटच्या स्थानकापर्यंत आले होते. फक्त पडद्यामागचा प्रकाश गेला होता. केबलने तो शाळेतल्या टीव्हीला जोडला, तर टीव्हीवर चित्र स्वच्छ आले. इतके दिवस 'गेलेला' हा लॅपटॉप आता टीव्हीला जोडून ठेवला तरी वर्गात शिकवायला पुरेसा होता. याच माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे त्यांचे काम सर्वांना माहीत आहे. असे धडे चालतात ते यंत्र उठले तरच. कपाटातील एक लॅपटॉप म्हणजे त्या वर्गाचे बुडालेले किती तास, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तिसऱ्या लॅपटॉपने मात्र आम्हाला दाद दिली नाही. दिवा लागला, पंखा क्षणभर फिरला आणि थांबला. रॅम काढून बसवली, पट्टीची जागा बदलली, तरी तेच. येथे 'मदरबोर्ड गेला' हे निदान खरे असण्याची शक्यता बरीच होती. पद्धतशीर शोधाने प्रत्येक यंत्र सुरू होईलच असे नाही. कोणते सुरू होऊ शकते आणि कोणते नाही, हे मात्र तिने कळते. तीन यंत्रांना एकच निदान लावल्याने उरलेली दोनही कपाटात अडकली होती.

हा प्रयोग वर्गात करताना काही पथ्ये पाळावीत. फुगलेली बॅटरी दिसली तर तिला हात लावू नये. तिला टोचणे, दाबणे धोक्याचे असते. चार्जर कधीही उघडू नये. जुन्या पद्धतीच्या पडद्यामागे जास्त दाबाची वीज असते, म्हणून पडद्याची चौकट खोलू नये. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युतभार साठतो आणि त्याचा एक झटका चिपला पुरतो, म्हणून आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. आणि चार्जर व बॅटरी काढल्याशिवाय झाकण उघडू नये. ज्या लॅपटॉपची बॅटरी आत बंदिस्त असते, तो जाणकाराकडेच द्यावा.

निघताना सरांनी तिसरा लॅपटॉप पुन्हा कपाटात ठेवला. पण त्याआधी त्या मुलीने वहीचे अर्धे पान फाडून त्यावर लिहिले आणि चिकटपट्टीने झाकणावर लावले: 'वीज येते. पंखा दोन सेकंद फिरतो. दिवा लुकलुकत नाही. रॅम काढून बसवून पाहिली. पुढे जात नाही.' खाली तारीख घातली.

पुढे कोणी दुरुस्ती करणारा आला तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.